तिसऱ्या सुराला

पडदा काळा झाला. पिटुकलीने बोट बटणावर नुसतं टेकवून ठेवलं. शेवटच्या संगीताचा पहिला सूर आला, दुसरा आला, तिसरा जरा लांबला, आणि पहिलं नाव खालून डोकं वर काढतंय न काढतंय तोच तिने खूण मारली. आवाज तुटला. ती घोटभर पाणी प्यायली आणि तिने पुढचा चित्रपट उघडला.

हेच तिचं काम. घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या एका मोठ्या कंपनीसाठी ती प्रत्येक चित्रपटात दोन खुणा लावायची. एक सुरुवातीला, जिथून नावं वगळून थेट गोष्टीत उडी मारता येते. दुसरी शेवटी, जिथे गोष्ट संपते आणि पुन्हा नावं सुरू होतात. या दुसऱ्या खुणेपाशी पोचलं की चालू चित्रपट आक्रसून वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, पडदाभर पुढच्या चित्रपटाची जाहिरात येते आणि आकडे उलटे मोजले जाऊ लागतात. बघणाऱ्याने हातपाय हलवले नाहीत तर पुढचा चित्रपट सुरू. कोपऱ्यात नावं सरकत असतात म्हणा, पण ती वाचायची तर दुर्बीण घेऊन बसावं लागेल.

या कामात हात बसलेली माणसं बरीच होती, पण पिटुकलीची खूण वेगळी ओळखू यायची. बाकीचे पडदा काळा झाला रे झाला की धाडकन तोडायचे. ती तीन सूर जाऊ द्यायची. बघणाऱ्याला गचांडी धरून बाहेर काढल्यासारखं वाटू नये, निदान डोळे पुसण्याइतकी उसंत मिळावी, एवढाच तिचा हेतू. कंपनीत तिचं त्यासाठी कौतुक व्हायचं. घरात मात्र या खुणांबद्दल ती अवाक्षर काढायची नाही.

चाळिशी ओलांडलेल्या बाईला पिटुकली म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसलेलं असायचं. बाबांचा उजवा डोळा केव्हाच गेला होता. डाव्याच्या मधोमध एक डाग होता आणि तो पसरत चालला होता. त्यामुळे ते कशाकडेही सरळ बघायचे नाहीत, मान तिरकी करून डागाच्या कडेने बघायचे. "मी आता सगळ्या जगाकडे संशयानेच बघतो," असं म्हणून स्वतःच हसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पिटुकलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की काही दाखवायचं राहिलं असेल तर लवकर दाखवून घ्या.

बाबा धडपडले, त्यांनी हाक मारली, तर ऐकू यावं म्हणून पिटुकली काम करताना कानाला काही लावत नसे. आतल्या खोलीचं दार सताड उघडं आणि चित्रपटाचा आवाज खोलीभर. समोरच्या घरातल्या बाई कधी डोकावल्या की तो आवाज ऐकून विचारायच्या, "काय हो, दिवसभर सिनेमाच चालू असतो तुमच्याकडे?"

"कामच आहे तिचं ते," बाबा ऐटीत सांगायचे. "आमची पिटुकली सिनेमात आहे. मी कापायचो, ती तपासते."

आत पिटुकली मान खाली घालून पुढची खूण मारायची. सिनेमे तपासते, असं तिनेच त्यांना सांगून ठेवलं होतं.

बाबा निगेटिव्ह कापायचे. संकलक कापतो ती नक्कल. ती हवी तितकी कापा, चुकली तर दुसरी काढा. सगळं ठरलं, की मग कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म त्या नकलेबरहुकूम कापायची आणि जोडायची, हे काम बाबांचं. तिथे चुकीला जागाच नव्हती. एक फ्रेम जास्त कापली गेली की ती जगातून गेली. पांढरे सुती हातमोजे चढवून, श्वाससुद्धा बेतानं घेत ते काम चालायचं. चित्रपटाचा शेवट कापायचा असेल त्या दिवशी आई घरातली भांडीही जपून ठेवायची. लॅब होती गावाच्या दुसऱ्या टोकाला, पण तिचा आपला धाक.

एवढं करून निगेटिव्ह कापणाऱ्याचं नाव चित्रपटात द्यायची रीत नव्हती. नटाचे केस विंचरणाऱ्याचं यायचं, घोडा पुरवणाऱ्याचं यायचं, याचं नाही. बाबांचं नाव आलं ते एकदाच. एका हट्टी दिग्दर्शकाने ठरवलं, की ज्याचा ज्याचा हात चित्रपटाला लागला त्या प्रत्येकाचं नाव शेवटी यायलाच हवं. चहा आणणाऱ्याचं आलं, आणि चहावाल्याच्या खाली बाबांचं. नावांची रांग इतकी लांबली की लोक म्हणाले, यात गोष्ट थोडी आणि माणसंच फार. चित्रपट सपशेल आपटला.

आणि नावं बघायला तेव्हा तरी कोण थांबत होतं? गोष्ट संपली की दारं उघडायची, खुर्च्या खडाखड मिटायच्या, आणि यंत्रावरचा माणूस नावं अर्ध्यात तोडून घरी जायचा. बाबांनी त्याला आधी गाठून चहा पाजला, मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे तो कबूल झाला. झाडूवाल्या बायका ओळीओळींतून कचरा लोटत होत्या आणि बाबा पिटुकलीला खांद्यावर घेऊन मधल्या वाटेत उभे होते. ती नुकतीच वाचायला शिकली होती. नाव आलं तसं तिने ते मोठ्याने वाचलं. झाडूवाल्यांतली एक बाई हातातलं काम थांबवून पडद्याकडे बघायला लागली. बाबांनी पिटुकलीचा घोटा घट्ट दाबला, एवढंच.

तेव्हापासून घरचा कायदाच झाला. चित्रपट कसाही असो, शेवटचं नाव जाईस्तोवर कुणी उठायचं नाही. आई म्हणायची, "आग लागली तरी हा माणूस आधी सगळी नावं वाचेल आणि मग पळेल." पुढे फिल्मच बंद झाली, लॅबला कुलूप लागलं, हातमोजे कपाटात गेले, आई गेली. कायदा तेवढा राहिला. संध्याकाळी टीव्हीवर दोघं मिळून काही बघायची तेव्हा शेवट जवळ आला की पिटुकली रिमोट मुठीत घेऊन दबा धरून बसायची. चित्र आक्रसलं रे आक्रसलं की झटकन बटण दाबून ते पुन्हा मोठं करायची.

"मधेच काय झालं गं?"

"काही नाही बाबा, सिग्नल गेला होता."

बाबा मान तिरकी करून नावं बघायचे. वाचता येत नव्हतीच, नुसतं वर सरकणारं काहीतरी पांढरं दिसायचं. टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची नेली तरच अक्षरं लागायची, आणि तीही मोठी असली तर.

असं सगळं चाललेलं असताना एके सकाळी तिच्या कामात तो चित्रपट येऊन पडला. तो, चहावाल्याचा. तो कायमचा गेला असंच सगळे धरून चालले होते. प्रती कुजल्या होत्या, लॅब बंद पडली त्या धांदलीत निगेटिव्ह कुठे गेलं हे कुणाला ठाऊक नव्हतं. आता कुठल्याशा गोदामात डबे सापडले होते, कुणीतरी फिल्म धुऊनपुसून तिची नवीकोरी डिजिटल प्रत केली होती. पहिलं दृश्य पाहिल्याबरोबर पिटुकलीने आवाज पार बारीक केला आणि दाराकडे बघितलं. बाबा खिडकीशी डुलक्या घेत होते.

एरवी ती मधला चित्रपट भराभर पळवायची. हा तिने सबंध पाहिला. नावं आली. ती एकेक वाचत गेली, आणि चहावाल्याच्या खाली ते आलं. स्वच्छ, पांढरं, मोठ्या अक्षरांत. तिने नकळत स्वतःचाच घोटा धरला. मग तिने ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं.

रिमोट घेऊन दबा धरायची चोरी तिला या एका चित्रपटात नको होती. बाबांचं नाव कुणी तोडलं, मग कुणी परत आणलं, असं व्हायला नको. आपल्या पायाने चालत यावं तसं ते पडद्यावर यावं, आणि पूर्ण येऊन जावं. डोळा आज आहे, उद्या नाही. तिने खूण उचलली आणि सगळी नावं संपल्यावर, अगदी शेवटी नेऊन ठेवली. एवढ्या उशिराच्या खुणेला कारण द्यावं लागायचं. नावांच्या मागे गोष्ट चालूच असेल तर तशी मुभा होती. तिने तेच लिहिलं. मागे काहीही चालू नव्हतं, काळाकुट्ट पडदा होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. मुलगा वाईट नव्हता, फक्त सतत घाईत असायचा.

"ताई, त्या जुन्या चित्रपटाची शेवटची खूण एवढी उशिरा कशी हो?"

"नावांच्या मागे दृश्य चालू आहे."

"मला तर नुसता अंधार दिसतोय."

"आवाज आहे ना," ती म्हणाली. "गोष्ट आवाजात चालू आहे."

कामात ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"बरं, तुम्ही म्हणताय म्हणजे असणार. आणि ताई, एक आनंदाची बातमी. खुणा तपासायला आता प्रोग्राम येतोय. कुणाची चुकली तर तोच आपोआप नीट करतो. आणि शिकवलंय कशावर, सांगा बघू? तुमच्या खुणांवर! सगळ्यांत स्वच्छ तुमच्याच निघाल्या."

"मग आम्ही काय करायचं?"

"ते बघू हो पुढे," म्हणत त्याने फोन ठेवला.

एरवी या वाक्याने तिची झोप उडाली असती. पण तिच्या डोक्यात दुसरंच होतं. चित्रपट शुक्रवारी लागणार होता, आणि बाबांना अजून पत्ता नव्हता.

तिने सांगितलं तेव्हा बाबांनी मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सगळाच सापडला? शेवटासकट?"

"शेवटासकट."

"तू पाहिलास?"

"हो."

"मग आहे का?"

"आहे बाबा. चहावाल्याच्या खाली."

"तो चहा फार गोड करायचा," बाबा म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे वळवून बसले.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर त्यांनी दाढी केली. हनुवटीखाली थोडी राहिली, ती पिटुकलीने पुरी केली. इस्त्रीचा सदरा घातला. तिने पडदे ओढून घेतले, खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात नेली आणि स्वतः पायांशी स्टुलावर बसली. बाबांचा हात तिच्या खांद्यावर होता.

चित्रपट सुरू झाला आणि थोड्या वेळाने बाबा पुटपुटायला लागले. आधी तिला कळेना. मग ध्यानात आलं. ते म्हणत होते, "आता." आणि दृश्य बदलायचं. पुन्हा थोडं थांबून, "आता." पुन्हा बदलायचं. मधला डाग त्यांना काही बघू देत नव्हता, पण बोटं तिच्या खांद्यावर जोडाच्या ठिकाणी बरोबर दाबली जात होती. एका जागी ते म्हणाले, "इथे मी घाबरलो होतो. एकाच फ्रेमचा खेळ होता. आता." बाई दारातून वळली आणि दृश्य तुटलं. तुटलेलं कळलंही नाही.

पिटुकलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती खूश होती. खूप वर्षांत असं झालं नव्हतं.

शेवटचं दृश्य आलं. रिकाम्या रस्त्यावर एक फाटक वाऱ्याने हलत होतं. बाबा पुढे सरकून बसले, मान तिरकी केली, डोळा डागाच्या कडेला आणला. पडदा काळा झाला. पहिला सूर आला. दुसरा आला. तिसरा जरा लांबला, आणि चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं.

पडदाभर कुणीतरी मोटारीतून उडी मारत होतं. खाली आकडे उलटे सुरू झाले.

ही पिटुकलीची खूण नव्हती. तिची तर पार शेवटी होती. आणि तरीही जागा तिचीच होती. तिने लावली असती तर नेमकी इथेच लावली असती, एक फ्रेम मागे नाही, एक पुढे नाही. प्रोग्राम आला होता आणि चांगला शिकला होता.

ती रिमोटवर झडप घालत म्हणाली, "थांबा हं बाबा, बटण आहे..."

"राहू दे."

"अहो, तुमचं नाव पुढेच आहे. मी आणते ना परत."

"पिटुकले, राहू दे म्हटलं ना."

त्यांचा हात रिमोटवरच्या तिच्या हातावर आला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. हात नुसता होता, कोरडा आणि हलका.

"तिसऱ्या सुराला," बाबा म्हणाले. "रोज ऐकतो मी इथून. डोळे गेलेल्या माणसाला दुसरं काम काय? टीव्हीवर बाकीच्यांचे धाडकन तुटतात. तुझे तिसऱ्या सुराला."

तिचं बोट बटणावरून निसटलं.

"आणि सिग्नलबिग्नल काही जात नाही, तेही कळतं मला," ते हसत म्हणाले. मग हसू गेलं. "हात चांगला आहे तुझा. गोष्टीचं काही सांडत नाही. मला शेवटी शेवटी इतकं स्वच्छ जमत नव्हतं."

"बाबा, हा मी..." ती म्हणाली आणि थांबली. हा मी नाही कापला, असं तिला सांगायचं होतं. मग कुणी कापला, असं त्यांनी विचारलं असतं. आणि त्याला कुणी शिकवलं, हेही सांगावं लागलं असतं.

आकडे संपत आले होते. बाबांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला आणि ते उठले. नावं चालू असताना ते उठले. कोपऱ्यातल्या इवल्याशा चौकोनात ती मुंगीच्या पावलांनी वर सरकत होती, त्यांतच कुठेतरी चहावाला असणार होता. बाबांनी तिकडे बघितलं नाही. भिंतीला हात लावत ते आपल्या खोलीकडे निघाले.

"बाबा, बसा ना. दोन मिनिटं बसा."

"पाय आखडलेत गं."

दारापाशी पोचल्यावर ते थांबले. मागे न वळताच म्हणाले, "आणि एक कर. उद्यापासून काम करताना दार लावून घेत जा."

"पण तुम्हाला काही लागलं, तुम्ही पडलाबिडलात तर..."

"मी हाक मारीन."

आत पलंग करकरला. बाहेर कोपऱ्यातला चौकोन विझला आणि नवा चित्रपट आपोआप सुरू झाला. त्याची सुरुवातीची नावं एकेक करून येऊ लागली, आणि खाली उजवीकडे ती वगळायचं बटण उगवलं. ती खूणही पिटुकलीचीच होती, तिने ती गेल्याच महिन्यात लावली होती. रिमोट मांडीवर ठेवून ती सगळी नावं जाईपर्यंत बसून राहिली.